एक विनोद, एक अजब बातमी, एक इतिहास, एक युक्ती: गावच्या ग्रुपचा रोजचा मजकूर असा तयार करा

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना परिपाठ ठाऊक असतो: सुविचार, दिनविशेष, ठळक बातम्या, बोधकथा. शाळा सुटली की परिपाठही सुटतो आणि त्याच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपवरची गुलाबाची फुलं येतात. 'शुभ सकाळ' लिहिलेलं तेच फूल भावकीच्या, शेतकरी गटाच्या आणि वर्गमित्रांच्या ग्रुपवर एकाच सकाळी येऊन पडतं, फोनची जागा खातं आणि कुणी वाचत नाही. त्याऐवजी रोज चार छोट्या गोष्टी टाकता येतात: एक विनोद, एक अजब बातमी, आपल्या खानदेशच्या इतिहासातली एक नोंद आणि कॉम्प्युटरची किंवा मोबाइलची एक सोपी युक्ती. वाचनालयाबाहेर फळा असेल तर हाच मजकूर खडूने तिथेही लिहिता येतो. आठवड्यातून एक निवांत दुपार दिली की सात दिवसांचं काम होतं.

या सगळ्या कामात मी एकच नियम मानतो. वाचणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की कशावर हसायचं आणि कशावर विश्वास ठेवायचा. चार गोष्टी एकाच संदेशात आल्या की त्या एकमेकींत मिसळतात. विनोद बातमी म्हणून पुढे जातो, दंतकथा इतिहास होऊन परत येते.

ही अडचण नवी नाही. १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याची गंमत कुणीतरी लिहिली आणि काहींनी ती खरी धरली. त्या गोंधळानंतर १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी खूण करावी. आज आपण दिवसभर पाठवतो त्या हसऱ्या चेहऱ्यांचा हा पूर्वज. म्हणजे ती खूण शोभेसाठी आलीच नव्हती, 'हे खरं धरू नका' हे सांगायला आली होती.

म्हणून पहिलं काम मथळे ठरवण्याचं. 'हसा', 'अजब पण खरं', 'आपला इतिहास', 'आजची युक्ती' असे चार मथळे पुरतात. एकदा ठरवले की बदलायचे नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या आधी आणि नंतर तारांकन टाकलं की तो शब्द ठळक होतो. पूर्ण संदेश सव्वाशे-दीडशे शब्दांत बसवा. लांब संदेश व्हॉट्सअ‍ॅप मधूनच कापतं, आणि खालचा मजकूर उघडायला बोट लावण्याइतका उत्साह सकाळी सात वाजता कुणालाही नसतो. विनोद सगळ्यात वर ठेवा, कारण लोक त्याच्यासाठीच संदेश उघडतात. युक्ती सगळ्यात खाली, म्हणजे ज्याला जपून ठेवायची त्याला ती पटकन सापडते.

साठा कुठे ठेवायचा

रोज सकाळी उठून सुचेल ते लिहायचं ठरवलं तर आठव्या दिवशी फुलं परत येतात. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये एक फाइल करा. रकाने असे: प्रकार, मजकूर, कुठे वाचलं, तपासलं का, कधी वापरलं. 'कुठे वाचलं' हा रकाना रिकामा असेल तर ती नोंद बाहेर काढायची नाही. विनोदाला मात्र ही अट नाही.

दिनविशेषासाठी तारखेचा एक रकाना करू नका. दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे करा. एक्सेलची दिनदर्शिका १९०० सालापासून सुरू होते. १६०१ किंवा १८१९ मधली तारीख लिहिली तर एक्सेल तिला तारीख न समजता नुसती अक्षरं समजतो, आणि क्रम लावायला गेलात की सगळं विस्कटतं. तीन रकाने असले की आधी महिना, मग दिवस असा क्रम लावायचा. पुढच्या आठवड्यात काय येतंय ते समोर दिसतं. जाता जाता एक नोंद फुकट मिळते: १९०० हे लीप वर्ष नव्हतं, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने पूर्ण भाग जावा लागतो. तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख बिनतक्रार स्वीकारतो. लोटस १-२-३ या त्याआधीच्या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती, आणि त्याच्या फाइल जुळाव्यात म्हणून ती जाणूनबुजून तशीच ठेवली गेली. अस्तित्वात नसलेला एक दिवस जगभरच्या कचेऱ्यांत अजून नांदतोय.

टाइप करताना युनिकोडच वापरा, म्हणजे अक्षरं सगळ्या यंत्रांवर सारखीच दिसतात. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलत्याच अक्षरांत दिसतो, मोबाइलवर चालत नाही आणि शोधून सापडतही नाही. विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज इथे जाऊन मराठी जोडा आणि कीबोर्डमध्ये फोनेटिक निवडा. इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटतं. विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. मोबाइलवर जीबोर्डच्या माइकचं बटण दाबून बोललं तरी मराठी नीट टाइप होतं. अहिराणी ओळ असेल तर मात्र ती हातानेच लिहा. बोलून टाइप करणारी यंत्रं प्रमाण मराठीवर शिकलेली आहेत, ती 'माले' आणि 'तुले' यांचं काय करतील याचा भरवसा नाही.

इतिहासाची नोंद: इथे वेळ घाला

चारपैकी सगळ्यात जास्त कष्ट याच भागाला लागतात, आणि सगळ्यात जास्त दादही यालाच मिळते. बाबर-हुमायून शाळेत झालेले असतात. आपल्या तालुक्यातलं काही वाचलं की वाचणारा दोन मिनिटं थांबतो.

सुरुवात गॅझेटियरपासून, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथापासून करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड १८८० साली निघाला आणि तो पूर्ण खानदेशावर आहे. इंग्रजीत आहे, पण नेटवर फुकट वाचायला मिळतो. खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले, त्यामुळे त्या खंडात 'जळगाव जिल्हा' शोधत बसू नका. तेव्हाचे तालुकेही वेगळे होते. जळगाव गाव नशिराबाद तालुक्यात मोडायचं. हे एवढंच वाक्य ग्रुपवर टाका आणि नशिराबादच्या मंडळींचे संदेश मोजत बसा.

बाकी साठा हाताशीच आहे. १६०१ मध्ये असीरगड घेऊन अकबराने इथली फारुकी राजवट संपवली आणि आपला मुलगा शहजादा दानियाल याच्या नावावरून खानदेशाचं नाव 'दानदेश' ठेवलं. नाव काही टिकलं नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, ते खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झाला. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे.

आता तपासणी. पुस्तकात छापलंय म्हणून बरोबर, असं धरू नका. तारीख आणि वार दोन्ही दिलेले असतील तर ते जुळतात का, हे कॉम्प्युटर क्षणात सांगतो. धुळ्याच्या तुरुंगातली विनोबांची गीताप्रवचनं घ्या. ती दर रविवारी झाली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ ला, शेवटचं १९ जून १९३२ ला. एक्सेलच्या एका घरात पहिली तारीख लिहा, शेजारी दुसरी, आणि तिसऱ्या घरात दुसरीतून पहिली वजा करा. उत्तर ११९ येतं. उत्तराऐवजी भलतीच तारीख दिसली तर त्या घराचं स्वरूप 'नंबर' करा. ११९ ला ७ ने भागलं की १७, म्हणजे पहिला रविवार धरून अठरा रविवार. गीतेचे अध्याय अठराच. मग त्या दोन घरांच्या 'कस्टम' स्वरूपात dddd लिहून पाहा, दोन्हीकडे रविवार दिसेल. तारखा पक्क्या. हा हिशेब मांडून दाखवला तर त्या दिवशीची इतिहासाची नोंद आणि युक्ती दोन्ही एकातच निघतात.

तिथी आणि तारीख यांचा घोळ करू नका. आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई आणि दत्तजयंतीची सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दरवर्षी वेगळ्या तारखेला येतात. त्या दिनविशेषाच्या फाइलमध्ये न घालता नवं पंचांग आलं की वेगळ्या नोंदवा. जुन्या कागदात शक वर्ष असेल तर इंग्रजी वर्षासाठी त्यात ७८ मिळवा, पण पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष पालटतं, तिथून फाल्गुन संपेपर्यंत ७९.

दंतकथेला दंतकथाच म्हणा. एरंडोल म्हणजे पांडवांची एकचक्रानगरी, हे तिथले लोक अभिमानाने सांगतात. लिहा, पण 'असं सांगतात' एवढे दोन शब्द जोडा. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती हिच्या लग्नाच्या मुहूर्ताला घटिकापात्रात मोती पडला आणि मुहूर्त टळला, ही गोष्टही तशीच. ती अकबराच्या दरबारातला कवी फैझी याने १५८७ मध्ये केलेल्या 'लीलावती' या गणितग्रंथाच्या फारसी भाषांतरात येते, भास्कराचार्यांच्या मूळ ग्रंथात नाही. गोष्ट छान आहे, सांगावी. इतिहास म्हणून खपवू नये.

आणखी एक. ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या शिरीषकुमारची नोंद येते. १९४२ च्या आंदोलनात पंधरा वर्षांचा हा मुलगा हातात तिरंगा घेऊन गोळीला सामोरा गेला. त्या दिवशी 'हसा' हा भाग नसतो. कारण सांगायचं नाही, फक्त गाळायचा. वाचणाऱ्याला कळतं.

अजब पण खरं

इथे फसायला सगळ्यात सोपं. संदेशावर दुहेरी बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण दिसली की आधी संशय घ्या. मजकुरात गाव, तारीख आणि माणसाचं नाव, तिन्ही नसतील तर सोडून द्या. असतील तर त्यातलं एक वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. तेच वाक्य चार वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्याच्या नावाने फिरलेलं सापडतं. फोटो असेल तर त्यावर गूगल लेन्स लावा. दर दिवाळीला येणारा 'अंतराळातून दिसणारा उजळलेला भारत' हा फोटो दिवाळीच्या रात्रीचा नाही. वेगवेगळ्या वर्षांतले दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवून वस्ती कशी वाढली हे सांगण्यासाठी तो तयार केला होता. 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' हीसुद्धा अशीच अफवा.

रोजच्या ताज्या बातमीच्या मागे लागूच नका, असं माझं मत. जुनी पण पक्की अजब गोष्ट कितीतरी बरी. नोव्हेंबर १९३२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात गव्हाची नासाडी करणाऱ्या एमू पक्ष्यांवर सैनिकांनी मशीनगन चालवल्या आणि शेवटी सैनिकच माघारी गेले. रोही आणि रानडुकरांनी रात्र-रात्र जागवलेल्या आपल्या शेतकऱ्याला ही बातमी समजावून सांगावी लागत नाही. २००२ मध्ये केरळ कृषी विद्यापीठातल्या दोन संशोधकांना हत्तीच्या कातडीचं एकूण क्षेत्रफळ मोजण्याचं सूत्र काढल्याबद्दल गणिताचं इग नोबेल मिळालं. आधी हसवतं आणि मग विचार करायला लावतं, अशा खऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात. २७ ऑगस्ट १८९६ ला ब्रिटन आणि झांजिबारचं युद्ध पाऊण तासाच्या आत आटोपलं.

अजब म्हणजे गमतीचंच असं नाही. १५ जानेवारी १९१९ ला बॉस्टन शहरात मळीची प्रचंड टाकी फुटली आणि रस्त्यातून मळीचा लोंढा आला. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या वाचकाला ते चित्र लगेच उभं राहतं. पण त्यात एकवीस माणसं दगावली. ही नोंद द्यायची तर सरळ द्या, हसऱ्या चेहऱ्याशिवाय.

हसा

विनोद फॉरवर्डमधून उचलू नका. पासवर्डच 'चुकीचा' ठेवणारे काका प्रत्येक ग्रुपवर येऊन गेलेत. आपल्या आसपासचं ऊन, रेल्वे, केळी, शेवभाजी यांत हवा तेवढा माल आहे.

मराठीत विनोद फसतो तो बहुतेक वेळा शब्दांच्या क्रमाने. हे वाचा: 'मे महिन्यात कुणालाच पैसे परत मिळाले नाहीत, कारण चहा थंड झाला तर पैसे परत देईन असं भुसावळच्या चहावाल्याने सांगितलं होतं.' मेला. आता हे: 'भुसावळ स्टेशनवर चहावाल्याने पाटी लावली, चहा थंड झाला तर पैसे परत. मे महिना संपला, एकालाही पैसे परत मिळाले नाहीत.' हसू शेवटच्या चार शब्दांत दडवायचं आणि त्यानंतर एक अक्षरही लिहायचं नाही. समजावून तर मुळीच सांगायचं नाही.

दुसरा एक, आटोपशीर: धाब्यावर पाहुणा म्हणाला, 'शेवभाजी जरा कमी तिखट आणा.' वेटरने तीच भाजी आणली आणि शेजारी पाण्याचा दुसरा जग ठेवला.

अहिराणीत लिहिलं की तोच विनोद दुप्पट चालतो:

'आबा, मना मोबाइल कोठे शे?'
'तुनाच हातमा शे ना भो, त्यानाच उजेडमा धुंडी राहिना तू!'

पण ग्रुपमध्ये कोण आहे ते पाहा. रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्यात पावरा आणि भिली. ज्या बोलीत विनोद असेल, तो ती बोलणाऱ्यानेच लिहावा. दुसऱ्याने लिहिला की ती नक्कल होते, आणि नक्कल झोंबते. जात, धर्म, कुणाचं व्यंग, कुणाची बायको यांवर काही नको. गावात ओळखू येईल असं माणूसही नको. 'एक सरपंच' लिहिलं की सगळ्यांना कळतं कोण. पाठवण्याआधी घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. 'मग पुढे?' असं विचारलं तर विनोद फाइलमध्ये परत.

आजची युक्ती

एका दिवशी एकच युक्ती, आणि ती तुम्ही स्वतः करून पाहिलेली. कुठल्या यंत्रावर चालते ते आधी लिहा: विंडोज, अँड्रॉइड की दोन्ही. 'फोन हळू चालतोय? हे करा' असली शीर्षकं टाळा.

आपल्याकडे सगळ्यात कामाची युक्ती लोडशेडिंगची. सेतू केंद्रावर किंवा घरी वर्डमध्ये अर्ज टाइप करताना वीज गेली की लिहिलेलं जातं. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे गेलं की ऑटोरिकव्हरच्या पुढे, दर किती मिनिटांनी मजकूर आपोआप जपायचा तो आकडा दिसतो. मुळात तो १० असतो, २ करा. तरीही फाइलला नाव देऊन एकदा कंट्रोल-एस दाबायची सवय हवीच, आणि मधून मधून दाबत राहायची. उन्हाळ्यात लॅपटॉप गोधडीवर किंवा गादीवर ठेवून काम करू नका. बहुतेकांची हवा खालून आणि बाजूने खेळते. ती कोंडली की पंखा ओरडतो आणि यंत्र मंदावतं.

एकेका ओळीत बसणाऱ्याही पुष्कळ आहेत. विंडोज आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते. पहिल्या वेळी ती सुरू करायची परवानगी द्यावी लागते. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून स्क्रीनचा हवा तेवढाच तुकडा उचलता येतो. फाइल निवडून एफ-२ दाबलं की नाव बदलता येतं. सायबर कॅफेत जीमेल उघडायचं तर क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इन्कॉग्निटो, म्हणजे मागे लॉगिन न ठेवणारी खिडकी उघडा आणि काम झालं की ती बंद करा.

फसवणुकीची सूचना मात्र महिन्यातून एकदा तरी हवी, आणि लग्नसराईत दोनदा. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप आहे. उघडू नका, मग ती मामाच्या नंबरवरून आलेली असली तरी. मामाचाच फोन आधी गेलेला असू शकतो. मामाला साधा फोन करून विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळण्याची आशा कमी.

पाठवणं आणि दुरुस्ती

रविवारी सात संदेश तयार करून फाइलमध्ये ठेवा. रोज फक्त कॉपी करून पाठवायचं. टेलिग्रामवर पाठवण्याचं बटण दाबून धरलं की वेळ लावून ठेवता येते. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवत असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना संदेश पोहोचत नाही. अर्ध्या तक्रारी याच असतात. चूक दिसली तर व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांच्या आत संदेश दाबून धरून 'एडिट' करता येतं. त्यानंतर लक्षात आली तर दुसऱ्या दिवशी विनोदाच्याही वर, 'दुरुस्ती' या मथळ्याखाली, एका ओळीत. फळ्यासाठी युक्ती गाळून बाकीचे तीन भागच लिहा, अक्षर मोठं, म्हणजे मोटारसायकलवरून जाणाऱ्यालाही वाचता येतं.

नमुन्यादाखल २९ डिसेंबरचा पूर्ण संदेश:

*हसा*
मुंबईच्या पाहुण्याने रावेरच्या शेतकऱ्याला विचारलं, 'केळीला फांद्या का नसतात हो?' 'फांद्या फुटल्या की वाटण्या कराव्या लागतात, भाऊ.'

*अजब पण खरं*
केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफी आणायला गेलं की भांडं रिकामं सापडायचं. १९९१ मध्ये संशोधकांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि चित्र आपापल्या स्क्रीनवर आणलं. कॉफी आहे की संपली ते जागेवरूनच दिसू लागलं. पुढे हे चित्र इंटरनेटवर आलं आणि जगभरचे लोक ते भांडं बघत बसले.

*आपला इतिहास*
२९ डिसेंबर १९४५: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली. कारखाना अमळनेरला, माल वनस्पती तूप, पुढे साबण. कॉम्प्युटरच्या धंद्यात ती नंतर उतरली. आज तिला जग विप्रो म्हणून ओळखतं.

*आजची युक्ती* (कॉम्प्युटरवरचा क्रोम)
चुकून टॅब बंद झाला? कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबा, परत उघडतो. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचा.